नरम बटणांचा गेम

खोटं सांगून मला काय मिळणार आहे? अंजनाची शपथ घेऊन सांगते, आणि ती शपथ मी उगाच घेत नाही.

१९९६ चा मे महिना. अंबरनाथ पश्चिमेला चाळीत आमच्या दोन खोल्या. आणि रात्र नव्हती हं! सगळं भरदुपारी घडलं.

अंजना माझी धाकटी बहीण. अकरा वर्षांची. हृदयाला भोक होतं, चार महिने अंथरुणावरच. शेजारचा टीव्ही गेम बसून खेळायचा जोर तिच्यात नव्हता. म्हणून पडल्या पडल्या हातात धरून खेळायचा, तो विटा पडणारा गेम आणायला मी उल्हासनगरला गेले.

दुकानदार चंदरभाईने काउंटरवर दोन ठेवले. एक पिवळा, कोरा. एक राखाडी, एक्सचेंजमध्ये आलेला.

"दीदी, नया ले लो. वो पुराना है."

मी दोन्ही दाबून बघितले. नव्याची बटणं कडक. राखाडीची लोण्यासारखी नरम. अंजनाच्या बोटांना तीच झेपणार होती.

"हाच द्या," मी म्हटलं. मोठी शहाणी ना मी!

घरी सेल घातले. कोपऱ्यात आकडा दिसला. हायस्कोर, ७३००.

सेल काढले की हा आकडा पुसला जातो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी काढले. पुन्हा घातले...

७३००.

अंजना मात्र हसली. कित्येक दिवसांनी हसली ओ! म्हणून मी गप्प बसले.

आठवड्याने एका दुपारी आई नळावर होती. अंजना झोपलेली. तिच्या उशीखालून आवाज आला...

टिक. टिक. टिक.

मी गेम ओढून काढला. सेल तर मीच काढून फळीवर ठेवले होते. स्क्रीन कोरी होती. पण बटणं...

बटणं आपोआप खाली जात होती.

"ताई, ठेव ना," अंजना डोळे न उघडता म्हणाली. "त्याचा चान्स चाललाय."

"कुणाचा गं?"

"आधी ज्याचा होता त्याचा. तोपण असाच झोपून असायचा. मी त्याच्या पुढे गेले की तो सुटणार."

"आणि तू?"

तिने गेम मागायला हात पुढे केला.

मी गेम लपवला. तिने जेवण सोडलं. दोन दिवस पाण्याचा घोटही घेईना. आईने माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. शेवटी दिला.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला तिने ७४०० केले.

"ताई, तो गेला बघ," म्हणाली.

मग तीही गेली.

आई म्हणत होती, तिच्यासोबत द्या तो. शेजारचे शिवरामकाका म्हणाले, सेलची वस्तू चितेवर नको, फुटते. सेल काढून द्यावा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले. दुपारी कपाटातून आवाज सुरू झाला...

टिक. टिक. मग थांबायचं. पुन्हा दोनदा.

अंजना तशीच खेळायची, दम खात खात.

मी घाबरले. स्वतःच्या बहिणीला घाबरले! तसाच गेम उचलला आणि चंदरभाईला देऊन आले.

अक्कल आली चार दिवसांनी. तो आकडा मोडायला मीच बसायला हवं होतं. धावत दुकानात गेले.

"वो तो बिक गया, दीदी. खरवई से एक बाई आई थी. बोली, लड़का बिस्तर पे है."

"अरे, मग पिवळा का नाही दिला तिला?"

"दिखाया ना! दोनों दबा के देखा उसने. बोली, ये नरम है, यही दो."

खरवई मी दारोदार पालथी घातली. ती बाई सापडली नाही. त्या पोराचं काय झालं, मला कळलं नाही.

पण तेव्हा रोज सव्वातीनला मी हात जोडून एकच मागायचे... त्याला ७४०० मोडू दे, माझी अंजना सुटू दे.

कुणाच्या तरी लेकराचं मरण मागत होते मी.

अजूनही मागते.