ठेवा की उडवा

दहा

डोक्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी दहा गाणी द्यावी लागतात, हे आता रक्तगट सांगण्याइतकं नेहमीचं झालं होतं. भेटायला आलेल्या शेजारीणबाई आधी तेच विचारायच्या, "गाणी दिली का हो?" आणि मग तब्येतीकडे वळायच्या.

ऋजुता शिंत्रे यांना ती दहा गाणी द्यायला आठवडा लागला. कोल्हापुरातल्या त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्या मेथी निवडत बसल्या होत्या. समोर फोन घेऊन त्यांची मुलगी ईरा.

"आई, आवडती गाणी विचारलीत. चांगली गाणी नाही विचारली."

"फरक काय?"

"तू विचारतेस हे? तू?"

ईराच्या आवाजातला टोमणा खरा होता. दोन हजार वीसच्या दशकात, स्वतः पंचविशीत असताना, ऋजुता दर शुक्रवारी फोनवरून एक कार्यक्रम करायची. आठवड्यातली सर्वाधिक वाजलेली दहा गाणी, प्रत्येकावर दोन-चार वाक्यं, आणि शेवटी एक निकाल: ठेवा की उडवा. तेव्हा लोकांचे फोन गाण्यांनी खरोखर भरून जायचे. ऋजुताने "उडवा" म्हटलं की गावोगावची पोरं गाणं खरंच पुसून टाकायची. एका गायकाने तिला जाहीर शिव्या दिल्या होत्या. त्या तिने चालीत बसवून पुढच्या शुक्रवारी म्हणून दाखवल्या.

"लिही," ऋजुता म्हणाली. "क्रमांक दहा, 'निळसर'. त्यातली बासरी फार संयमी आहे."

"संयमी," ईराने लिहिलं नाही, फक्त म्हटलं.

नऊ, आठ, सात, सहा

"मॅडम, जाग आली?"

"आली. डोकं उघडं आहे का?"

"आहे."

"मग आतलं जे दिसतंय ते कुणाला सांगू नका."

हिरव्या पडद्यामागे डॉ. फरीदा मुजावर हसल्या. कवटी उघडेपर्यंत भूल दिली होती; आता रुग्णाला मुद्दाम जागं केलं होतं. मेंदूला स्वतःला वेदना नसते. त्यावर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ जाळी अंथरलेली होती. तिला दीपपट म्हणत. खालच्या पेशी कामाला लागल्या की समोरच्या पडद्यावर तेवढी जागा उजळायची. नियम साधा होता. उजेड तिथं हात लावायचा नाही, अंधार तिथं कापायचं.

कारण ऋजुताच्या डाव्या कानामागची गाठ डोळ्यांना वेगळी दिसत नव्हती. दुधात पाणी मिसळावं तशी ती चांगल्या भागात मुरली होती. आणि आवडत्या गाण्याइतका मेंदूचा मोठा भाग एकदम उजळवणारं दुसरं काही अजून कुणाला सापडलेलं नव्हतं. तरुणपणीचं गाणं लागलं की त्याच्याबरोबर माणसं, वास, गल्ल्या, शब्द असा सगळा मोहल्ला जागा व्हायचा.

"कॉलेजात असताना बघायचे मी तुम्हाला," डॉक्टर म्हणाल्या. "माझं लाडकं गाणं उडवलं होतंत."

"कुठलं?"

"नंतर सांगते. आत्ता माझ्या हातात सुरी आहे."

काचेपलीकडे ईरा माईकसमोर बसली होती. ओळखीचा एक आवाज जवळ हवा, म्हणून एका नातेवाइकाला तिथं बसू देत. आईचं हसू तिला ऐकू आलं आणि हायसं वाटलं.

मग 'निळसर' लागलं. पडदा काळाच राहिला.

नववं. आठवं. सातवं. सहाव्याला कोपऱ्यात काहीतरी मिणमिणलं आणि विझलं.

पाच, चार

ही गाणी पूर्ण वाजवलीच नाहीत.

तीन, दोन

हीसुद्धा.

एक

"क्रमांक एक, 'अर्धा चहा'," तंत्रज्ञ पाटोळे म्हणाला. यंत्रापाशी तो एकटाच होता. त्याचा आवाज आता थोडा घाईचा होता.

गिटार सुरू झाली. पडद्यावर उजेड आला. ईरा खुर्चीतून उठली.

"बसा," पाटोळे म्हणाला. "उजेड चुकीच्या जागी आहे. पुढं. बोलण्याच्या भागात."

डॉ. फरीदांनी क्षणभर हात थांबवला. "मॅडम, तुम्ही गाणं ऐकत नाही आहात."

"ऐकतेय की."

"नाही. तुम्ही गाण्यावर काय बोलायचं ते जुळवताय. यात कुठं तरी आवडलेलं गाणं आहे का? की दहाही नुसती चांगली आहेत?"

ऋजुताचं जुळवणं थांबलं. पडद्यावरचा तेवढाही उजेड विझला.

"अर्ध्या तासात मेंदू फुगायला लागेल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, पण ते त्यांनी काचेकडे बघून म्हटलं. "मग झोपवावं लागेल. आत्ता मला सगळाच अंधार दिसतोय. अंदाजाने कापलं तर गाठीबरोबर काय जाईल सांगता येणार नाही. भाषा जाईल. माणसं जातील. न कापता मिटवलं तर वर्षभर, फार तर. ईरा, तुम्हाला काही सुचतंय?"

ईराला सुचत होतं. आठवडाभर सुचत होतं. टेबलावर मेथीच्या काड्या पडत होत्या तेव्हाही ते तिच्या ओठांवर होतं, आणि आई चिडेल म्हणून तिने ते गिळलं होतं.

तिने माईकचं बटण दाबलं. "'रेंज येईना, राणी' लावा."

"ईरा!" ऑपरेशनच्या टेबलावरून आवाज आला. "गप्प बस. ते गाणं मी उडवलंय."

(जुना शुक्रवार)

"...तर मंडळी, या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर 'रेंज येईना, राणी'. टॉवरखाली उभा राहून एक गृहस्थ प्रेयसीला फोन लावतायत. लागत नाही. सुदैवी आहे ती. मधेमधे कीबोर्डवर जी 'पीं' वाजते, ती ऐकून आमच्या आईने उठून गॅस बंद केला. वैतागलेला माणूस आणि कुकर यांचं हे युगुलगीत आहे, आणि त्यात कुकर जास्त सुरात आहे. ठेवा की उडवा? हे काय विचारणं झालं? उडवा!"

यादीबाहेर

"हो, उडवलंस," ईरा म्हणाली. "आणि मला कळायला लागल्यापासून तू रोज कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतर तेच गुणगुणतेस."

"मी? काहीतरीच."

"रोज, आई. बाबा आणि मी एकमेकांकडे बघून हसायचो. सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"पाटोळे, लावा," डॉक्टर म्हणाल्या.

*पीं... पीं पीं... टॉवरखाली उभा मी, रेंज येईना, राणी.*

गल्लीतल्या मंडपाची माळ एकदम लागावी तसा पडदा उजळला. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, तिथून खाली, मागे, मधल्या सगळ्या काळोखातून. ईराने टाळी वाजवली. पाटोळेने वाजवली नाही. डॉ. फरीदा पडद्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली.

"काय झालं?" ऋजुताने विचारलं. "उजेड आला ना? मला इथं छतच दिसतंय."

"आला. कडा स्पष्ट दिसतायत आता. भाषा वाचेल, ईरा वाचेल, बरंच काही वाचेल. पण मॅडम, गाण्याचा मधला भाग आणि गाठ एकाच जागी आहेत. गाठ गाण्यात शिरलीय."

गाणं वाजतच होतं, आणि ते फार आनंदी गाणं होतं.

"म्हणजे गाणं ठेवलं तर गाठ राहील," ऋजुता म्हणाली.

"हो."

"गाण्याबरोबर काय काय जाईल?"

"बघू या." डॉक्टरांनी एक बारीक कांडी उचलली. तिच्या टोकातला हलका विद्युतप्रवाह मेंदूची तेवढी जागा काही क्षण निजवायचा. कागदोपत्री तिला मौनशलाका म्हणत. थिएटरात सगळे गप्पकांडी म्हणायचे. "आधी तसंच सांगा. या गाण्यात कोण आहे?"

ऋजुताने डोळे मिटले.

"हर्षद. माझा नवरा. त्याच्या मित्रांना माझा कार्यक्रम माहीत होता, म्हणून नालायकांनी आमच्या वरातीत मुद्दाम हेच लावलं. बिनखांबी गणेश मंदिरापासून दाराशी येईपर्यंत, एकच गाणं. मी गाडीत तोंड फुगवून बसलेली. जनरेटरच्या डिझेलचा वास. आणि हर्षद, बँकेतला, कधी हात वर न केलेला माणूस, तोंडात रुमालाचं टोक धरून गाडीसमोर नाग झाला. मला हसवायला. मी हसले नाही. सगळे शूट करत होते ना." ती थांबली. "आत हसत होते."

आठ वर्षांपूर्वी हर्षद गेले होते. ईराने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती.

डॉक्टरांनी कांडी टेकवली. "आता सांगा. हर्षद कोण?"

"माझा नवरा. बँकेत होता. शांत माणूस."

"वरातीत ते काय करत होते?"

"वरात?" ऋजुताच्या आवाजात सौजन्य होतं, अनोळखी माणसाला पत्ता सांगताना असतं तसं. "आम्ही वरात काढली होती का?"

काचेवर ईराचा तळवा टेकला.

कांडी उचलली गेली. वरात परत आली. आपण मधे काय बोललो ते ऋजुताला सांगावं लागलं. तिचा विश्वास बसेना, तेव्हा पाटोळेने तिचंच बोलणं तिला ऐकवलं.

"वीस मिनिटं उरलीत," डॉक्टर म्हणाल्या. "हा निर्णय मी घेऊ शकत नाही. ठेवू की..." त्यांना पुढचा शब्द म्हणवला नाही.

"म्हणा की. माझाच शब्द आहे." ऋजुताने ओठ ओले केले. "एकदा पूर्ण लावा. पहिल्यापासून. मधे कुणी बोलायचं नाही. ईरा, ऐकतेयस? तो रुमाल पिवळा होता. गुलालाने नारिंगी झाला. शेवटच्या कडव्याला तुझा बाप रस्त्यावर आडवा झाला आणि मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने उतरून त्याच्यासमोर पुंगी वाजवायची नक्कल केली. हे तू ठेव. तुझ्याकडे जागा आहे."

गाणं पूर्ण वाजलं.

"चाल सामान्य आहे," ऋजुता शेवटी म्हणाली. आवाज शुक्रवारचा करायचा तिचा प्रयत्न होता. "शब्द सुमार. कीबोर्ड वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. यापेक्षा सुंदर काही मी ऐकलेलं नाही." मग एक श्वास. "उडवा."

मध्यंतर

घरी सोडताना डॉ. फरीदांनी ईराला बाजूला घेतलं. गाठ दिसली तेवढी सगळी काढली होती.

"एक लक्षात ठेवा. ते गाणं आणि ती गाठ एकाच जागी होती. गाणं गेलं म्हणजे जागा साफ झाली. त्या कधी ते पुन्हा गुणगुणल्या, तर दोन अर्थ होऊ शकतात. एक, मेंदूने दुसरीकडून नवी वाट काढली. होतं असं, क्वचित. दोन, थोडी जागा उरली. आणि जागा उरली असेल तर तिच्यात मुरलेलंही उरलं. कुठलं खरं, ते पुन्हा उघडल्याशिवाय कळणार नाही. गुणगुणल्या की लगेच फोन करा."

"आणि आईला गाणं ऐकवायचं नाही?"

"तुम्ही ऐकवलंत तर मला फरक कळणार नाही." जाता जाता त्या वळल्या. "त्यांनी उडवलेलं माझं गाणं हेच होतं. सांगू नका."

पुन्हा यादीबाहेर

चार महिने कुकरच्या शिट्ट्या नुसत्या शिट्ट्या राहिल्या.

ऋजुता बरी होत होती. हट्टाने वाचत होती, शब्दकोडी सोडवत होती, ईराच्या फोनमधल्या नव्या गाण्यांवर तुटून पडत होती. हर्षदच्या फोटोला हार घालताना म्हणायची, "शांत माणूस होता गं." ईरा दरवेळी मान हलवायची. पिवळा रुमाल एकट्याने सांभाळणं जड होतं. तरी रोज तिसरी शिट्टी व्हायची, स्वयंपाकघरात शांतता असायची, आणि ईरा धरलेला श्वास सोडायची. आईचं न गाणं ही तिच्यासाठी दिवसातली सर्वांत चांगली बातमी झाली होती.

त्या दिवशी दुपारी टेबलावर पुन्हा मेथी होती. पहिली शिट्टी झाली. दुसरी. ईरा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिसरी झाली.

"पीं... पीं पीं..."

ईराच्या हातातला चमचा तसाच राहिला. मागून चाल पुढे सरकत होती, शब्दांवाचून, एका जागी अडखळून पुन्हा उचलत. मग थांबली.

"अगं ईरा, हे काय आलं माझ्या तोंडात?" ऋजुता हसत होती. चार महिन्यांत ईराने ते हसू पाहिलं नव्हतं. गाडीत बसून आतल्या आत हसलेलं असतं, तर ते असंच दिसलं असतं. "कुणाचं आहे गं हे? रेडिओवर ऐकलं का मी कुठं?"

ईराने ओट्यावरचा फोन उचलला. डॉक्टरांचा नंबर सर्वांत वर होता. बोट त्यावर आलं आणि तिथंच राहिलं. समोर आई मेथीची जुडी विसरून चाल पुन्हा पहिल्यापासून घेत होती. टेबलावरचा हात पुसायचा पंचा तिने नकळत हातात घेतला होता आणि त्याचं एक टोक वर उचललं होतं.

"सामान्य आहे तसं," ती म्हणाली. "पण छान वाटतंय गं. आत काहीतरी लागल्यासारखं. तू सांग ना, ठेवायचं की उडवायचं?"