फळीतली आठवी जागा

माझ्या नवीनला एक खोड आहे. चुकलं की झाकतो. लहानपणी लोणच्याची बरणी फोडली तर तुकडे कोपऱ्यात लोटून वर परात पालथी घालायचा आणि शहाण्यासारखा अभ्यासाला बसायचा. आता चाळिशीला आला, दोन लेकरांचा बाप झाला, पण परात काही सुटली नाही. मी तोंडाची फटकळ आहे हे सगळं बोदवड जाणतं. पण मी बोलते ते समोर बोलते. हा झाकतो. त्याच्या झाकण्यानं आमच्या घरात काय झालं ते सांगते. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, मला नटवून सांगता येत नाही. डोळ्यांनी पाहिलं आणि बोटांवर मोजलं तेवढंच सांगेन.

आमचा ट्रक चौऱ्याण्णवचा. माझ्या नवऱ्यानं, तोतारामनं घेतलेला. घरात आणि गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणते. जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि धुळ्याकडच्या सूतगिरणीत उतरवायच्या, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. इंजीन दुसऱ्याला उघडू दिलं नाही. उघडायचंच झालं तर धुळ्याचा हिलाल मिस्तरी, आणि तोही नाना शेजारी उभे असतील तेव्हाच.

त्यांच्याशेजारी बसून बसून मलाही इंजीन थोडं कळतं. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा असतो, त्याला कॅम म्हणतात. दांड्यावर बारा उंचवटे. एकेका उंचवट्यावर एकेक टॅपेट बसतो, लोखंडाचा, अंगठ्याएवढा. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, आणि टॅपेट वरचा व्हॉल्व्ह उघडतो. वर्षानुवर्षं घासून टॅपेटचा तळ आणि त्याचा उंचवटा एकमेकांच्या मापाचे होतात. पाचव्याचा टॅपेट नवव्यावर बसवला की दोघं एकमेकांना खायला लागतात.

म्हणून नानांनी बाभळीची एक फळी केली होती. तिला बारा भोकं, आणि भोकाखाली तापल्या खिळ्यानं काढलेले आकडे. इंजीन खोललं की ज्या जागेचा टॅपेट त्या भोकात उभा राहायचा. दसऱ्याला ट्रकच्या आधी फळीला हळदकुंकू. मी एकदा हसले तर म्हणाले, "कुंदा, तुझ्या जागेवर शेजारीण आणून बसवली तर चालेल का?"

मी म्हणाले, "बसवून बघा."

दोन वर्षांमागे नानांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी त्यांची खाट. उजवा हात पिळलेल्या धोतरासारखा पडलेला असायचा. माझ्या हातानं भरवलेली पातळ खिचडी तेवढी गिळायचे. सून कामिनीनं भरवलं तर तोंड फिरवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

यंदा दिवाळी झाली, जिनिंग सुरू झाली, आणि ट्रक टकटक वाजायला लागला. नवीननं अंगणातच इंजीन खोललं. मी पायरीवर तूर निवडत होते. बघते तर बाराच्या बारा टॅपेट डिझेलच्या बादलीत!

"अरे, फळी कुठंय?"

"आई, फळी आता कोण वापरतं? गोल वस्तू आहे. कुठंही बसते."

"बाप खिडकीतून बघतोय तुझा."

"बघू दे," तो म्हणाला.

नाना बघत होते. डाव्या डोळ्यातून पाणी वाहून उशीवर उतरलं होतं.

संध्याकाळी त्यानं इंजीन जोडून सुरू केलं. "ऐक, बाराही वाजतायत," असं म्हणाला आणि माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला. त्याला बाराचं काय विचारलं होतं कोणी? तिथंच मी त्याला धरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाठी भरून धुळ्याला निघाला. ट्रक गल्लीच्या टोकाला वळला, मी खिचडीची वाटी घेऊन नानांजवळ बसले, आणि खाटेच्या लोखंडी नळीवर आवाज आला. बारीक, जलद. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हलत होतं.

मी वाटी सांडली. "कामिनी, हात आला गं!"

कामिनीनं येऊन हात उचलला. तो गारच होता, मनगट लुळं पडलेलं. नुसतं एक बोट शिलाई मशीनच्या सुईसारखं वर-खाली होत होतं. थोड्या वेळानं इतकं जलद झालं की बोट दिसेना, हवेत नुसतं धुरकट काहीतरी. अडीच तासांनी मंद झालं. मग थांबलं. मी नवीनला फोन लावला.

"कुठं आहेस?"

"एरंडोलला. आत्ताच बंद केली गाडी, चहा घेतो."

माझ्या मनात काही आलं नाही. पण दहा मिनिटांनी बोट पुन्हा सुरू झालं, आणि कामिनीनं आपणहून तिच्या नवऱ्याला फोन लावला. ट्रक नुकताच निघाला होता. ती फोन ठेवून भिंतीला टेकली.

त्यानंतरच्या सहा खेपा आम्ही दोघी घड्याळ घेऊन बसलो. पारोळ्याला डिझेल, गिरणीच्या फाटकाशी रांग, परतताना पंक्चर. एकही वेळ चुकली नाही. भुसावळचे डॉक्टर म्हणाले, शिरा आहेत, असं होतं कधीकधी. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, शिरांना एरंडोलचा चहा कसा कळतो? ते कामिनीकडे बघून हसले. म्हातारी झाली म्हणून हसले असतील.

आवाज सहन होईना म्हणून मी त्यांच्या हाताखाली गोधडी घातली. आवाज बंद झाला, बोट चालूच. संध्याकाळी गोधडी उचलली तर घडीत चिमूटभर करडी भुकटी होती. नानांचं एक लोहचुंबक होतं, जुन्या स्पीकरमधलं, सुतळी बांधलेलं. तेल बदललं की ते तेलात फिरवून बघायचे, लोखंडाचा चूर चिकटतोय का. ते मी माळ्यावरून काढून गोधडीवर धरलं.

भुकटी उठून चिकटली.

गोधडी कापसाची. हात माणसाचा. मी ती भुकटी कामिनीला दाखवली, नवीनला दाखवली. तो म्हणाला, "नळीचा गंज असेल." गंज तांबडा असतो, हे मी तिसरी शिकलेली त्याला शिकवू का?

बोटाचं टोक सपाट होत चाललं होतं. रक्त नाही, जखम नाही. आधी कातडीवरच्या रेषा गेल्या. मग मधोमध खळगा पडला, मुगाची डाळ बसेल एवढा. खळगा चकाकत होता. दर खेपेला नानांचा श्वास थोडा उतरायचा, गालाची हाडं थोडी वर यायची.

मी ट्रकच्या चाकापुढे जाऊन उभी राहिले. "आजपासून गाडी बंद."

"आई, हंगाम आहे."

"माझ्या अंगावरून ने."

तीन दिवस ट्रक अंगणात उभा राहिला. बोट शांत होतं. पहिल्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी नानांना खिचडी गिळवेना, ओठाच्या कडेनं बाहेर यायची. तिसऱ्या दिवशी चमच्यातलं पाणीही घशात उतरेना, आणि छाती हलतेय की नाही हे बघायला मला नाकापुढे हात धरावा लागला. मी बाहेर धावले. "सुरू कर, नवीन! गाडी सुरू कर!"

इंजीन सुरू झालं. बोट सुरू झालं. नानांनी पाणी गिळलं.

म्हणजे चालवली तर झिजणार, आणि उभी ठेवली तर जाणार. मी खाटेच्या पायाशी बसले. आयुष्यात मी कोणापुढे हात जोडले नाहीत. त्या दिवशी अंगणातल्या ट्रकपुढे जोडले.

एकच माणूस उरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फळी घेऊन नवीनशेजारी केबिनमध्ये चढले. कामिनी फोन हातात धरून नानांजवळ बसली. धुळ्याला आग्रा रोडवर हिलाल मिस्तरींची टपरीवजा जागा आहे. आता सत्तरी ओलांडली, पण कान शाबूत आणि बोली अजून अहिराणीच. आम्ही आत वळलो तसे ते पाना टाकून उभे राहिले.

"अक्का, हाई गाडी तोतारामभाऊनी शे ना? मंग अशी का वाजी राहिनी?"

मी त्यांना सगळं सांगितलं. बोट, भुकटी, पाणी. ते हसले नाहीत. नवीनकडे बघून म्हणाले, "बठ्ठा टॅपेट एकाच बादलीत टाकात का, भाऊ?" आणि कामाला लागले.

इंजीन बंद झालं तेव्हा अकरा वाजले होते. मी कामिनीला सांगितलं, पाण्यात बोट बुडवून ओठ ओले करत राहा.

पंखा लावून इंजीन गार केलं, आणि बारा वाजायच्या सुमाराला हिलालभाऊंनी एकेक टॅपेट काढून फळीवर उभा करायला सुरुवात केली. दांड्यावरच्या जागेप्रमाणं, पहिल्यापासून. सगळ्यांचे तळ खाल्लेले, कडा तुटलेल्या. फळी भरत आली. मग ते थांबले. बॅटरी लावून आत बघितलं, परत फळीकडे बघितलं.

"अक्का, अकराच शेतस."

फळीतली आठवी जागा रिकामी होती.

"खाली पडला असेल," मी म्हणाले.

त्यांनी तेलाचं भांडं उतरवून तेल गाळलं. काही नाही. "बिगर टॅपेटनी आठवा व्हॉल्व्ह उघडावच नही. गाडी एवढी चालनी कशी?"

नवीन पान्यांची पेटी आवरत होता. आवरलेली पेटी पुन्हा आवरत होता.

"नवीन," मी म्हणाले. "इकडे बघ."

त्यानं बघितलं नाही. "आठव्याला तडा गेला होता. भंगारात टाकला. म्हटलं नवा आणेपर्यंत गाडी नुसती बाजूला घेऊ. सुरू केली तर बाराही वाजायला लागले. मला वाटलं, माझंच मोजताना चुकलं."

"तुला असं वाटलं?"

त्यानं पेटीचं झाकण लावलं.

हिलालभाऊंनी आठव्या जागेत बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. मग माझा हात धरून आत नेला. शेजारच्या सातव्यात गार लोखंड होतं. नवव्यात गार.

आठवी जागा कोमट होती. कपाळ कोमट असतं तशी.

फोन वाजला. कामिनी रडत होती. "आई, नानांचा श्वास अडकतोय. लवकर काहीतरी करा."

"अक्का," हिलालभाऊ म्हणाले, "कॅम गयेल शे. बठ्ठं नवं टाकानं म्हणजे दोन दिन लागतीन. आठव्याले एक टॅपेट मी आते देस. आर्ध्या तासात जोडस. पण..."

"पण काय?"

"मालेबी माहीत नही काय व्हई."

मी मनाशी म्हटलं, जागा भरली की माणूस सुटेल. झिजायचं थांबेल. माझ्या हातची खिचडी खाईल, खिडकीतून रस्ता बघेल. मला एवढंच हवं होतं.

मीच म्हणाले, "बसवा."

एक वाजून वीस मिनिटांनी इंजीन सुरू झालं. आठव्याचा ठोका बाकीच्यांत मिसळून गेला. मी फोन कानाला लावला.

"कामिनी, बोट?"

"थांबलंय, आई."

"आणि नाना?"

खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"डोळे उघडले होते," ती म्हणाली. "दाराकडे बघितलं. तुम्हाला शोधत होते."

बोदवडला पोचेपर्यंत मी केबिनमध्ये रडले नाही. फळी मांडीवर होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. आमच्यात बायका त्याला जात नाहीत. मी गेले. कोणाची अडवायची हिंमत झाली नाही.

राखेवर दूध शिंपडलं. नवीन वाकून अस्थी वेचत होता, मडक्यात टाकत होता. उजव्या बाजूला आला. हात राखेत गेला आणि तिथंच राहिला.

मग त्यानं मूठ मिटून बाहेर काढली. इकडेतिकडे बघितलं. मूठ खिशाकडे नेली.

"मूठ उघड," मी म्हणाले.

"काही नाही, आई."

"उघड."

त्याच्या तळहातावर टॅपेट होता. कुठं काळा नाही, कुठं गंज नाही. तळाला खळगा, मुगाची डाळ बसेल एवढा, आरशासारखा चकाकणारा.

मी हात लावून बघितला. राख केव्हाच थंड झाली होती. टॅपेट कोमट होता.

मडकं धरून उभे असलेले भाऊबंद ऐकत होते. ऐकू देत. मी म्हणाले, "तुला एक कमी पडला होता, नवीन. तू झाकलंस. त्यांनी भरला."