वर्षश्राद्धाच्या दिवशी आलेली सून

ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली, तिथे कोणीतरी हसलंच. खुशाल हसा. आमच्या घरात मात्र ती ऐकताना आजही कोणी हसत नाही. कारण ज्यांच्यावर ती बेतली, ते अर्जुन नागवेकर माझे पणजोबा. ते कधीच खोटं बोलायचे नाहीत, असं मी म्हणणार नाही. आयुष्यात दोनदा बोलले. ही गोष्ट त्या दोन खोट्यांची आहे.

साल १९०८. चैत्र महिना. रत्नागिरीकडचा खाडीकाठ.

आणि वेळ... भर दुपारी बाराची.

पणजोबा तेव्हा तिशीचे. गोष्टीपुरतं त्यांना अर्जुनच म्हणतो. वेड्यांच्या इस्पितळात तो शिपाई होता. अंगावर सरकारी डगला, छातीवर पितळी बिल्ला, पण गावात किंमत शून्य. "वेड्यांत राहतोस, एक दिवस तूही आत बसशील," असं त्याची सख्खी आई म्हणायची. त्याचं डोकं जरा दुखलं तरी घरात सगळे एकमेकांकडे बघायचे.

इस्पितळात येसू नावाची एक बाई होती. धोंडू घवाळीची सून. पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं आणि ती विहिरीवर जाऊन त्याच्याशी बोलायला लागली. भगताने अंगारा दिला, मग चिंचेच्या फोकाने मारलं. तरी राहीना, तेव्हा घरच्यांनी तिला फणसाला साखळीने बांधलं. एका रात्री ती सुटली. पोलिसांना बाजाररस्त्यावर सापडली. मामलेदाराने कागद केला आणि ती इस्पितळात आली.

वर्षभर ती तिथे गुमान काथ्या वळत बसली. हळूहळू शुद्धीवर आली. गोरा डॉक्टरसाहेब म्हणाला, "बाई बरी. घरी पाठवा."

घरी दोन पत्रं गेली.

उत्तर आलं नाही...

मग साहेबाने अर्जुनलाच धाडलं. सोबत ताबापावती दिली. सुनेला घरात घ्यायचं आणि घरच्या माणसाने कागदावर अंगठा उठवायचा. बस, एवढंच काम.

होडीत येसू एकच गोष्ट विचारत होती.

"दादा, घेतील ना मला?"

"न घेऊन करतील काय? सरकारचा कागद आहे."

"माझी नणंद लग्नाची आहे. घरात वेडी असली तर कोण करणार तिला?"

"तू आता वेडी नाहीस."

"ते तुम्हाला माहीत, दादा. त्यांना कुठे माहीत?"

 अर्जुनला तिची फार दया आली. हिला घरात सोडल्याशिवाय मागे फिरायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

गावात शिरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

एक माणूस दिसेना.

वाटेवर दोन कुत्री पडली होती. अर्जुनवर गुरगुरली. येसू जवळून गेली... तेव्हा उठून बाजूला झाली. आवाज नाही.

घवाळ्यांच्या अंगणात मात्र माणसं होती. भटजी होते. केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढून कुंपणाशी ठेवलं होतं. धोंडू, त्याची बायको, मुलगा, सगळे हात जोडून समोरच्या फणसाकडे बघत उभे होते.

फणसावर कावळे बसले होते. पंधरा-वीस तरी असतील.

एकही हलत नव्हता...

"कोणाचं श्राद्ध?" अर्जुनने हळूच विचारलं.

"सुनेचं," भटजी म्हणाले. "खाडीत गेली. देह मिळाला नाही. दर्भाची बाहुली करून जाळली, त्याला आज वर्ष झालं. दहाव्यालाही कावळा शिवला नव्हता. आजही शिवत नाही बघा."

 अर्जुनने मागे पाहिलं. येसू तिथेच उभी होती. बेडीच्या, म्हणजे कुंपणातल्या बांबूच्या फाटकाच्या मागे.

"अहो, ही काय तुमची सून!" तिला आत आपल्याशेजारी बोलावून तो ओरडला. "जिवंत आहे! मी घेऊन आलोय!"

धोंडूने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कोण? कुठाय?"

"ही काय!"

"बाबा रे, ऊन लागलंय तुला. पाणी पी नि सावलीत बस."

सासू तांब्या घेऊन निघाली. सरळ येसूच्या दिशेने आली. आता धडकणार... तोच तिने वळसा घेतला आणि पलीकडे गेली.

पणजोबा मरेपर्यंत विचारायचे, "रिकाम्या जागेला कोणी वळसा घालतं का रे?"

येसू रडली नाही. ती चालत पानाजवळ गेली. मांडी घालून बसली.

आणि स्वतःच्या श्राद्धाचा भात खायला लागली.

सगळे कावळे एकदम खाली आले. नुसता फडफडाट. ती काळ्या पंखांत दिसेनाशी झाली.

"शिवला! शिवला!" सासू ओरडली. धोंडूने सुस्कारा सोडला. भटजींनी हात जोडले.

कावळे उडाले तेव्हा पान स्वच्छ होतं.

तिथे कोणी नव्हतं...

अर्जुनने दोनदा हाक मारली. घरामागे पाहिलं, विहिरीत डोकावला. काही नाही. घरातच गेली असेल, त्याने स्वतःला समजावलं. तसं समजणं सोपं होतं. होडीची वेळ झाली होती.

खाडीवर आल्यावर त्याने होडीच्या तळाची काजळी घेतली आणि ताबापावतीवर स्वतःचा अंगठा उठवला.

अंगठा म्हणजे अंगठा. कोणाचा आहे, कोण बघणार? आमच्याकडे तेव्हा सगळे असंच समजायचे.

हे पहिलं खोटं.

वर्षभर सगळं शांत होतं. मग एक दिवस धोंडू घवाळी स्वतः इस्पितळाच्या दारात येऊन उभा राहिला.

"मुलीचं लग्न झालं, साहेब. आता सुनेला धाडा. घरात काम करायला माणूस नाही."

साहेबाने कागद काढला. भिंग काढलं. शिपायांच्या वहीतले अंगठे त्याने कागदाशी ताडून पाहिले आणि अर्जुनला बोलावलं.

दुपारची वेळ. खोलीत तिघंच. साहेब, धोंडू, अर्जुन.

धोंडू म्हणाला, "हा आला होता खरा, साहेब. पण एकटाच. अंगणात उभा राहून वाऱ्याशी बोलत होता. गाव साक्षीला आहे."

साहेबाने अर्जुनकडे रोखून पाहिलं. वेडे कसे बघतात हे बघायची त्याला सवय होती.

"खरं सांग. बाई अंगणात होती?"

 अर्जुनने होती म्हणावं, तर सगळं गाव म्हणतंय नव्हती. नसलेली माणसं बघणाऱ्यांना कुठे ठेवतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या कोठड्यांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला होत्या. डोळ्यांसमोर बायको आली. मांडीवरचं पोर आलं. माझे आजोबा.

"नाही साहेब," तो म्हणाला. "वाटेतच पळाली. अंगणात मी एकटाच होतो."

हे दुसरं.

साहेबाने टाक शाईत बुडवला. लिहायला मान खाली घातली. मग वर पाहिलं...

अर्जुनच्या खांद्यावरून, मागे.

टाक तसाच हातात राहिला. शाईचा थेंब कागदावर पडला.

"मग..." साहेब हळू आवाजात म्हणाला, "ही बाई कोण?"

धोंडू जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, पण त्याने मान उचलली नाही.

अर्जुनच्या मानेवर श्वास लागत होता. गरम, माणसाचा.

"कुठाय, साहेब?" अर्जुन म्हणाला. "कोणी नाही."

साहेबाने कागदाची घडी घातली. दोघांनाही जायला सांगितलं. महिनाभरात तो रजा घेऊन विलायतेला गेला, तो परत आला नाही. अर्जुनची नोकरी सुटली. येसूचा पत्ता कधीच लागला नाही. साहेबाच्या खोलीत त्या दुपारी ती मेलेली होती की जिवंत, हे आजही आम्हाला माहीत नाही.

लोक पणजोबांना विचारायचे, "तुम्ही भूत पाहिलंत ना हो?"

ते म्हणायचे, "नाय रे बाबा. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी मागं वळूनच बघितलं नाय."