तारेवर दोघंच

बाहेर

घरातल्या सगळ्यात भक्कम खोलीत कुणीच राहत नाही, याचं सेंगकांग उपनगरातल्या फ्लॅटमध्ये कुणाला नवल वाटत नाही. स्वयंपाकघराला लागून ती खोली असते. खिडकी नाही, भिंती जाड काँक्रीटच्या, दार पोलादी. सरकारनं लढाईच्या वेळी लपायला बांधून दिलेलं शेल्टर. लढाई काही आली नाही, मग घरोघरी झालं तेच बून कियाटच्या घरीही झालं. तांदळाचा पत्र्याचा डबा आत गेला. नव्या वर्षाचे लाल कंदील गेले, घडीच्या खुर्च्या गेल्या, जुना पंखा गेला. आणि सगळ्यात मागच्या फळीवर कियाटचा सर्व्हर गेला. चार हार्ड डिस्कची ती काळी पेटी रात्रंदिवस गुरगुरायची आणि आईला तो आवाज सहन होत नसे.

कियाट लग्नांच्या फिल्मांचा आवाज साफ करायचा. वधूच्या बापाच्या भाषणातून एसीची घरघर काढायची, सुपाच्या वाट्यांची किणकिण काढायची. गेले काही महिने मात्र तो एकाच माणसाचा आवाज जमवत होता. आईचा.

आईच्या, म्हणजे ग्वेक चूच्या, घशात गाठ होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. गळ्याला भोक ठेवणार, त्यातून श्वास चालेल, बोलणं नाही. म्हणून रोज सकाळी कॉफी झाली की कियाट तिच्यासमोर माइक ठेवायचा आणि काहीही विचारायचा. मुळ्याचा केक कसा करायचा, बाबा पहिल्यांदा कुठे भेटले, शेजारच्या काकूशी नक्की कशावरून भांडण झालं. ती बोलायची. तो मध्येच तोडायचा, "ते नको मा, पुढचं सांग." ती वैतागायची आणि पुढचं सांगायची.

ते सगळं त्या पेटीत होतं. आणि पेटीतल्या डिस्का आता खरखरायला लागल्या होत्या.

वायफाय शेल्टरच्या भिंतीपाशी येऊन मरायचं. असल्या वेगानं सगळं दुसरीकडे उतरवून घेईपर्यंत डिस्का टिकल्या नसत्या. यावर इलाज होता: मधला राउटर काढून टाकायचा, संगणकातून निघालेली एक भरपूर वेगाची केबल सरळ सर्व्हरमध्ये खुपसायची. दोन टोकं, मध्ये कुणी नाही. शेल्टरच्या भिंतीला भोक पाडायला मनाई असते, म्हणून केबल चपटी घ्यायची आणि दारातून न्यायची. दार मग पूर्ण लावायचं नाही.

केबल जोडायला दोन्हीकडे लागणारी नेटवर्क कार्डं फैरुझनं आणून दिली. तो सिम लिमच्या बाजारात संगणकांचं दुकान चालवायचा आणि कियाटला पॉलिटेक्निकपासून ओळखायचा. शेल्टरचं दार पाहून म्हणाला, "बॉस, तुझ्या डेटाला माझ्यापेक्षा चांगलं घर आहे."

फटीत केबल चेंगरू नये म्हणून कियाटनं आईची एक जुनी रबरी चप्पल दारात अडकवली.

आत

अशा थेट तारेवर पत्ते वाटून देणारं कुणी नसतं. आपणच द्यावे लागतात. कियाटनं संगणकाला एक हा नंबर दिला, सर्व्हरला दोन. मग एका यंत्रानं दुसऱ्याला हाक मारायची जी सोय असते ती वापरली.

दोन, आहेस का?
आहे.
आहेस का?
आहे.

वेग बघून तो स्वतःशीच हसला. जे उतरवायला दिवसच्या दिवस गेले असते ते जेवण उरकेपर्यंत होणार होतं. पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून त्यानं नंबर टाइप केला आणि बोट घसरलं.

तीन, आहेस का?
आहे.

त्यानं केबल हातानं चाचपत शेल्टरपर्यंत नेली. एक टोक संगणकात, एक पेटीत. मध्ये फक्त चप्पल. परत येऊन त्यानं वेळा ताडून पाहिल्या. तीनचं उत्तर दोनपेक्षा लवकर येत होतं. म्हणजे जो कुणी होता तो पेटीपेक्षा जवळ होता.

फैरुझला फोन लावला. फैरुझनं विचारलं, "तारेला टोकं किती?"

"दोन."

"मग झालं तर. कार्ड जुनं आहे, कुणाचा तरी पत्ता त्याच्या डोक्यात राहिला असेल. तुलाच स्वस्तात हवं होतं. आणि भूतबित असलं तर ते वॉरंटीत येत नाही हं, आधीच सांगतो."

कियाटला पटलं. पटण्यासारखंच होतं ते. पण तीनच्या नावावर एक फोल्डर उघडं होतं, आणि त्यात ध्वनिफिती होत्या.

बाहेर

पहिलीच लावली तर आई. स्पष्ट, जवळचा आवाज. लहानपणी उसाच्या रसाच्या गाडीमागे लपून तिनं एका मुलाला आपल्या सगळ्या गोट्या दिल्या, दुसऱ्या दिवशी तो मुलगा कालव्यात बुडाला, अशी काहीशी हकीकत. मध्ये मध्ये कियाटचा आवाज प्रश्न विचारत होता. खोली मात्र वेगळी वाटत होती. आवाज चहूबाजूंनी दाबल्यासारखा, कुठेच न घुमणारा.

आपण हे कधी टिपलं, त्याला आठवेना. ऑपरेशनला थोडेच दिवस उरले होते. त्यानं हेडफोन आईच्या कानांवर ठेवले. ती ऐकत राहिली. हातातली भाताची पेज थंड झाली.

"मी आहे ही," ती म्हणाली. एव्हाना तिचा आवाज घोगरा झाला होता. "पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनापण नाही."

"मग खोटं आहे?"

"खोटं कशाला असेल? गोट्या निळ्या होत्या." तिनं हेडफोन काढले. "विचारतंय कोण?"

"मीच की."

"तू नाहीस. तो मला शेवटपर्यंत बोलू देतो."

तिनं त्याला ते बंद करायला सांगितलं, आणि शेल्टरचं दार लावायलाही. दार उघडं राहिलं की स्वयंपाकघरात गारठा येतो, म्हणाली. कियाटनं हो म्हटलं. दार लावलं असतं तर केबल तुटली असती आणि तीनच्या फितींच्या नादात आपल्या पेटीतलं अजून अर्धंही उतरलं नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर त्याला आता त्याच्या पेटीतलं नको होतं. तीनकडचं हवं होतं. तिथे आई कितीतरी जास्त होती. कॉफीवर टिपलेल्या तुकड्यांत ती दमलेली, खोकणारी. इथे ती हसत होती, त्याच्या जन्माआधीची गाणी गुणगुणत होती. चार दिवसांनी जगात कुठेच नसणार होता तो आवाज, आणि इथे तो संपतच नव्हता. कुठून येतोय हे विचारून तो घालवायचा कशाला?

तो उतरवत राहिला.

आत

आई इस्पितळात होती तेव्हा नवी फीत आली.

"मी बरी आहे," आईचा आवाज म्हणत होता. "काळजी करू नकोस. इथे छान आहे. जेवण छान आहे."

स्वरयंत्र त्याच सकाळी काढलं होतं. कियाटनं स्वतःला समजावलं की ही जुनीच असणार, मागच्या वर्षी मोतीबिंदूसाठी गेली होती तेव्हाची. फितीत प्रत्येक वाक्यामागे एक बारीक ठोका ऐकू येत होता. टक टक. पत्र्यावर काहीतरी वाजावं तसा. सवयीनं त्यानं तो निवडला, पुसला, आणि साफ झालेली फीत जपून ठेवली. आपण छान काम केलं असंही त्याला वाटलं.

बाहेर

घरी आलेली आई लहान झाली होती. गळ्यावर जाळीचा रुमाल, त्यामागे श्वासाची शिट्टी. लिहायला दिलेली पाटी तिनं बाजूला सारली. शाळेत ती फार गेलीच नव्हती. तिनं पोर्सेलिनचा जाड चमचा उचलला आणि टेबलावर आपली भाषा बसवली. एक ठोका म्हणजे हो. दोन म्हणजे नाही.

"दुखतंय?"

टक टक.

"खोटं बोलू नकोस मा."

टक.

दोघंही हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता. आणि हसता हसता कियाट चमच्याकडे बघत राहिला, कारण तो ठोका त्यानं आधी ऐकला होता.

तिला झोप लागल्यावर भर दुपारी तो संगणकापाशी बसला आणि पुसण्याआधीची फीत त्यानं पुन्हा लावली.

मी बरी आहे.
टक टक.
काळजी करू नकोस.
टक टक.
इथे छान आहे.
टक टक, टक टक, टक टक.

खालच्या मैदानात कुणाचा तरी चेंडू भिंतीवर आपटत होता. कियाटनं हेडफोन काढले, पुन्हा घातले. फोल्डरमध्ये तेवढ्यात आणखी एक फीत आली होती. अगदी छोटी.

"आ कियाट," आईचा आवाज म्हणाला. "मी आत आहे."

टक.

तो धावत तिच्या खोलीत गेला. पलंग रिकामा. चादर नीट घडी केलेली. टेबलावर चमचा नव्हता. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती आणि तिच्या चपला तिथेच होत्या.

शेल्टरचं दार बंद होतं. घट्ट. अडकवलेली रबरी चप्पल भिंतीशी उभी करून ठेवली होती, कुणी झाडलोट करताना ठेवतं तशी. केबल चौकटीत चिरडून कागदासारखी झाली होती. संगणकावर मात्र, त्यानं मागे वळून पाहिलं तर, काहीतरी अजून उतरत होतं.

त्यानं मूठ फिरवली, दार ओढलं आणि तो

आत

गेला. "मा?"

दिवा लागला नाही. मागच्या फळीवर पेटीचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. बाहेरून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत तांदळाचा डबा दिसला, कंदिलांच्या गोंड्यांची सावली दिसली. त्यापलीकडे खुर्च्या रचलेल्या होत्या. खुर्च्यांमागे कुणीतरी बसलं असावं, किंवा नसावं. तो वाकून पुढे झाला.

उजेडाची पट्टी बारीक झाली.

ती दोरीएवढी झाली.

गेली.

आतली मूठ फिरली, नेहमीसारखीच फिरली. दार हललं नाही. त्यानं खांदा लावला. पोलादावर मुठी आपटल्या. आवाज त्याच्याच हाडांत राहिला. तो ओरडला. निदान घसा ताणला, छाती रिकामी केली. कानाला काही लागलं नाही. प्रत्येक शब्दाला फक्त तो हिरवा ठिपका लवला.

तो थांबला. ठिपका थांबला.

तो कुजबुजला. ठिपका लवला.

बाहेर

एवढ्या जाड दारातून काही ऐकू येऊ नये. पण आलं, स्वच्छ, खरखर काढून टाकल्यासारखं. स्वयंपाकघरातला नळ. गॅस पेटल्याचा आवाज. कियाटच्या संगणकासमोरची चाकाची खुर्ची सरकली, आणि कुणीतरी त्याच्याच पावलांनी चालत आलं.

"जेवलास का, आ कियाट?" आई म्हणाली. तोच आवाज, गाठ व्हायच्या आधीचा, भरलेला, थोडा चिडका.

"अजून नाही, मा," कियाटचाच आवाज म्हणाला. "तू बस. त्या गोट्यांचं सांगत होतीस ना?"

खुर्ची ओढली गेली. आई सांगू लागली. ती सांगत राहिली, आठवेल तसं, इकडेतिकडे भटकत.

त्यानं तिला मध्ये एकदाही तोडलं नाही.

आत

कियाटनं कपाळ दाराला टेकवलं. मग अंधारात वळून, आवाज नसलेल्या तोंडानं, त्यानं विचारलं: मा?

ठिपका लवला.

तांदळाच्या डब्यापाशी, अगदी हाताच्या अंतरावर, पत्र्यावर चमचा वाजला. एकदा.