न्हाणीतलं नवं सॉकेट

खामगावात आम्ही भाड्यानं राहतो, त्या घराच्या न्हाणीतलं सॉकेट कडेनं काळं पडलं होतं. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला. मी जिथं यंत्रांच्या मोटारी सांभाळायचो ती जिनिंग मिल दिवाळीनंतरही बंदच होती. रिकाम्या वेळात निदान हे तरी बदलावं म्हणून बायकोला, योगिनीला घेऊन मेहबूबभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. मी साधंच सॉकेट उचललं होतं. योगिनीनं बटणवालं मागितलं. पाण्यातून कोणाच्या अंगात करंट शिरला, की ते त्या क्षणीच वीज तोडतं. मेहबूबभाई म्हणाले, न्हाणीसाठी हेच घ्या.

थंडीत योगिनी प्लास्टिकच्या बादलीत रॉड सोडून पाणी तापवायची. एका सकाळी रॉड चालू असतानाच ती पाणी पाहायला वाकली. बोटं पाण्याला लागणार, तोच सॉकेटचं बटण खट्कन पडून वीज तुटली. ती मागे सरली. मी रॉड काढून पाहिला. तळाशी चिरलेला होता; सगळ्या पाण्यात करंट उतरला होता.

मी पेढे घेऊन मेहबूबभाईंकडं गेलो. सॉकेटनं योगिनीला वाचवलं म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं,

"वहिनीले झटका जोरात बसला काय?"

"नाही. हात लागायच्या आधीच बटण पडलं."

पेढा त्यांच्या हातातच राहिला.

"पानी सांडलं होतं?"

"फरशी कोरडी होती. रॉडही दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला."

"बादली त प्लास्टिकची हाय, भाऊ," ते हळूच म्हणाले. "करंट कोनाच्या अंगातून जमिनीत गेल्याबिगर ते बटन पडत नाही."

हे मलाही ठाऊक होतं. फक्त तोवर सुचलं नव्हतं.

त्या सकाळी घरात आम्ही दोघंच होतो.

मी घर बदलायचं काढलं. योगिनी ऐकेना.

"माह्याअगुदर ज्यानं हात घातला, त्याले टाकून कुठी जाऊ?"

नवा रॉड आणला. आता ती आधी प्लग काढते, मगच पाण्याकडं जाते. बटण पुन्हा कधी पडलं नाही. तिनं न्हाणीत खिळ्याला एक छोटा टॉवेल टांगला आहे. आम्ही दोघंही तो वापरत नाही.

पाणी तापलं, की आत जाऊन ती आधी टॉवेल चाचपते.

एका हातापुरता ओला असतो. आणि अजून गरम.