मिस्टर लिम कोणाशी बोलत होते

लंडनच्या एजवेअर भागातल्या एका केअर होममध्ये मिस्टर लिमना अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली आणि आठवड्याभरात त्यांचं इंग्रजी पुसून गेलं. उरली फक्त च्वानचौची बोली. च्वानचौ म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरचं जुनं बंदर. घराघरातून कुणी ना कुणी जहाजानं निघून गेलेलं. मिस्टर लिम एकोणिसाव्या वर्षी निघाले. परतले नाहीत.

नागपूरची धम्मशीला त्या केअर होममध्ये नर्स होती. म्हाताऱ्याला कुठं दुखतंय का ते कळावं, म्हणून तिनं त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि दर गुरुवारी त्यांना भेटायला येणाऱ्या मिसेस टॅनना ऐकवलं. त्याही च्वानचौच्याच, ऐंशी उलटलेल्या, कडक.

"दुखत नाहीये," त्या म्हणाल्या. "आईला उत्तरं देताहेत. ती विचारते, कधी येतोस? हे म्हणतात, बोटीत जागा मिळाली की."

"ती विचारते?"

"बाईचा आवाज आहे की. तुला ऐकू येत नाही?"

धम्मशीलाला मिस्टर लिम ऐकू येत होते, आणि मधल्या शांततेत खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरची टकटक. म्हातारीचे कान गेलेत, असं तिनं ठरवून टाकलं.

त्याच दुपारी नागपुरातल्या इंदोऱ्याहून तिच्या आईचा, रंभाबाईंचा फोन आला. "पोरी, यंदा तरी येशील का वं? डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय."

"इथला व्हिसा रिन्यूअलला अडकलाय, आई. आला की लगेच निघते."

व्हिसा मार्चमध्येच आला होता.

सोमवारी मिस्टर लिम गेले. मंगळवारी खोली रिकामी झाली. उघडी गादी, बामाचा वास. मनातला किडा एकदाचा जावा म्हणून धम्मशीलानं लंच ब्रेकमध्ये फोन रेकॉर्डिंगला लावला आणि दहा मिनिटं खुर्चीत बसून राहिली. कुणी बोललं नाही. तीही नाही.

गुरुवारी सवयीनं आलेल्या मिसेस टॅन ते रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग बराच वेळ ऐकत राहिल्या.

"काही नाही ना?" धम्मशीलानं विचारलं.

"आहे ना. त्यांची आई आज चिडलीये."

"पण आता तिला उत्तर कोण देणार?"

मिसेस टॅननी इयरफोन काढला. तिच्याकडे कौतुकानं, जरा हेव्यानंच पाहिलं.

"तूच देतेयस की. आमची बोली येते हे किती छान लपवलंस! तीही थेट आमच्या बंदराच्या धक्क्यामागच्या गल्लीतली. कुणाच्या घरची गं तू?"