सेक्टर दोनचा शिलालेख

"दगड गेला, बाई! उद्या मंत्री येऊन राहिले, अन् आज दगड गायब!"

मारोतराव धापा टाकत होते. पोलाद कारखान्यातले बडे अधिकारी आणि भिलाईच्या सेक्टर २ मधल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. १९८४ च्या त्या हिवाळ्यात त्यांनी मंडळात ‘वारसा दालन’ उभारलं होतं. जवळच्या खेड्यात तळ्याकाठी पुजला जाणारा एक कोरीव दगड त्यांनी उचलून आणला, शेंदूर खरवडून काढला आणि पाटी लावली: ‘मराठा सरदाराचा विजयलेख’. लेख कुणी वाचलेला नव्हता. पाटी मात्र इंग्रजीतही होती.

खाजगी तपास करणाऱ्या वसुंधराबाई आणि त्यांचा दीर नरहरी दालनात आले. दाराचं कुलूप शाबूत. दगडाची जागा रिकामी. पलीकडे मंत्र्यांसाठी सिमेंटचा चौथरा.

"हा कधी बांधला?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"आठ दिस झाले," मारोतराव म्हणाले. "चोर बाहेर बसला आहे, त्याले विचारा ना!"

व्हरांड्यात शिपायाशेजारी भैयालाल बसला होता. त्याच गावचा. दगड परत मागायला रोज यायचा.

नरहरी चौथऱ्यावर टेकला आणि लगेच उठला. पँटच्या मागे ओलं सिमेंट लागलं होतं. "धत् तेरे की!"

"आज सकाळी कशाला आला होतास?" वसुंधराबाईंनी भैयालालला विचारलं.

त्यानं पिशवीतून नारळ काढला. "पूजा करने. बाहर से ही करता हूँ, अंदर आने नहीं देते."

"नाटक!" मारोतराव म्हणाले. "या देहाती लोकायले इतिहास काय समजते?"

दालनाची दुसरी किल्ली सुहासिनीकडे होती. ती मंडळाचा पत्रव्यवहार पाहायची.

"लेखाचा फोटो मी नागपूरला एका जाणकारांकडे पाठवला होता," ती म्हणाली. "काल उत्तर आलं. साहेबांनी न दाखवताच खिशात घातलं. म्हणाले, निमंत्रणाचा नकार आहे."

"आणि दगड आणला कसा?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"ट्रकमधून. सहा माणसं लागली."

वसुंधराबाईंनी सगळ्यांना आत बोलावलं.

"वहिनी, मले वाटते सुहासिनीच," नरहरी कुजबुजला.

"एकटी सहा माणसांचा दगड कुठे नेईल? कुलूप फुटलं नाही, बाहेर ट्रकच्या चाकांच्या खुणाही नाहीत. म्हणजे दगड इथेच आहे. ज्यानं चोरला तो रिकाम्या खोलीला नारळ घेऊन येत नाही. भैयालालला माहीतच नव्हतं. आणि आठ दिवसांचं सिमेंट पँटला लागत नाही, नरहरी. चौथरा काल रात्रीचा आहे. त्याबद्दल खोटं एकच माणूस बोलला. मारोतराव, ते पत्र द्या."

मारोतरावांनी खिशातून पत्र काढून दिलं. "मंत्र्यासमोर माही इज्जत... दगड फोडला तर नाही ना मी! रात्री कारखान्याचे मजूर लावून फक्त झाकला."

"आणि त्यासाठी गरीब माणूस तुरुंगात पाठवत होतात. तुमची इज्जत फारच स्वस्त निघाली."

शिपायानं पहार घातली. कच्चं सिमेंट ढासळलं, दगड उघडा पडला. सुहासिनीनं पत्र वाचलं: "सरदाराचा उल्लेख नाही. ‘हिरा केवटिणीनं गावासाठी हे तळं खोदवलं’, एवढंच आहे. केवट म्हणजे नावाडी."

भैयालालनं दगडावर हात ठेवला.

"हिरा दाई, हमारी माँ. ये तो हमारे गाँव का बच्चा-बच्चा जानता है, साहब," तो म्हणाला. "आपने पूछा कब?"